परतीचा निरोप

कामशेतच्या बाजारपेठेतल्या त्या दुकानात वीस फुटी लोखंडी पाइप एकच उरला होता आणि गिऱ्हाइकं दोन होती.

ओवीने तो आधी पाहिला होता. निदान तिचं म्हणणं तसं होतं. पण पाइपच्या दुसऱ्या टोकावर एका उंच, सावळ्या मुलाचा हात होता आणि तो हात काही निघत नव्हता. दुकानदार दोघांकडे आळीपाळीने बघत होता. बाहेर सप्टेंबरचा पाऊस भुरभुरत होता. जाऊ की थांबू, असं चाललं होतं त्याचं.

"न्या तुम्ही," शेवटी तो मुलगा म्हणाला. "पण नेणार कशावरून?"

ओवीने बाहेर उभ्या असलेल्या तिच्या पांढऱ्या स्कूटरकडे बोट केलं. त्याने स्कूटर पाहिली. मग पाइप पाहिला. मग परत स्कूटर पाहिली.

"पुढचं टोक तिकोन्याला पोचेल," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि तुम्ही कामशेतातच असाल."

हसायचं नाही असं ठरवूनही ओवीला हसू आलं. तिने सांगितलं, पाइप अँटेना उभी करायला हवा आहे आणि जायचं खरंच तिकोन्याच्या पायथ्यालाच आहे, बजरंग आबा म्हणून कुणी आहेत, त्यांच्या पॉलिहाऊसवर. ओळखता का?

"ऐकून आहे." त्याने पाइप खांद्यावर घेतला आणि बाहेरच्या पिकअपमध्ये टाकला. "माणूस कडक आहे. मुलगा मात्र बरा आहे म्हणतात."

पिकअपच्या मागे मागे ओवीची स्कूटर निघाली. पवनेकडचा रस्ता ओला, दोन्ही बाजूंना इंद्रायणी भात पोटरीत आलेला, त्याचा वास हेल्मेटच्या आतपर्यंत. गावाबाहेर गुलाबाची दोन पॉलिहाऊसं आली, पांढऱ्या प्लास्टिक कागदाची, एखाद्या मांडवासारखी लांबलचक. तिथे पिकअप थांबली. मुलगा उतरला आणि घराकडे तोंड करून म्हणाला, "आई, पाहुणी आलीय."

ओवी हेल्मेट काढून त्याच्याकडे बघत राहिली.

"मुलगा बरा आहे म्हणतात?"

"म्हणतात," तो मुलगा, सत्यम, म्हणाला. "अजून कुणी खात्री करून घेतलेली नाही."

*

ओवी लोणावळ्याची. वडील दीनानाथ शाळेतून निवृत्त झालेले, आई इंदिरा अजून शिकवण्या घेणारी. ओवी तळेगावात एका लहानशा कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. सुहास सर आणि चार जण, एवढीच कंपनी. शेतकऱ्याने पॉलिहाऊसमध्ये पाय न ठेवता तिथली कामं करावीत, यासाठी त्यांचं सॉफ्टवेअर होतं. ऑफिसातल्या प्रोग्रॅमने 'पडदा उघड' अशी हाक द्यायची आणि पंचवीस किलोमीटरवरच्या पडद्याने शेजारच्या खोलीत असल्यासारखी ती ऐकायची. या हाका आणि त्यांची उत्तरं सांभाळणारं एक फ्रेमवर्क तयारच मिळतं. पण ते धरून चालतं की खाली इंटरनेट आहे. सत्यमच्या गावात इंटरनेट नव्हतं. मोबाइलला रेंज यायची ती फक्त घरामागच्या चिंचेखाली, तीही उभं राहिलं तर.

म्हणून ओवीने खालचा थर नवा लिहायला घेतला होता. हाक तीच, उत्तर तेच, पण ते वाहून नेणार रेडिओ. तळेगावहून मधल्या डोंगरावर, तिथून गावात. रेडिओवर मोठा निरोप मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करायचे. तुकडे वाटेत हरवतात, म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्यायचा. पोचला की पोच घ्यायची, पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचा.

हे सगळं तिने सत्यमला पहिल्याच दिवशी अँटेनाचा खड्डा खणताना सांगितलं. तो कृषी पदवीधर होता. दोन्ही पॉलिहाऊसं गेली चार वर्षं तोच बघत होता. आबा अजून भातातच रमायचे.

"म्हणजे तुम्ही पोस्टमन घडवताय," तो म्हणाला.

"पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. माझ्याने उत्तर घेऊन यायचंय."

"आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर?"

"परत पाठवायचं त्याला."

"किती वेळा?"

ओवीने कपाळावरचे केस मातीच्या हाताने मागे सारले. कपाळाला माती लागली ते तिला कळलं नाही, त्याला कळलं. त्याने सांगितलं मात्र नाही.

"उत्तर येईपर्यंत," ती म्हणाली.

"चिकाटी आहे तुमच्यात," सत्यम म्हणाला. ती खाली वाकून खणायला लागली, पण पुढची बरीच माती तिने उगाचच इकडची तिकडे केली.

*

तपासणीसाठी ओवीने एक सोपी हाक लिहिली होती, 'दिवा'. ती दिली की पॉलिहाऊसच्या दारावरचा छोटा हिरवा दिवा क्षणभर लागायचा. दिवा लागला की सत्यमने चिंचेखाली जाऊन मेसेज करायचा, लागला म्हणून. ऑक्टोबरभर हे रोज चाललं. पुढे रेडिओ इतका बिनचूक झाला की दिव्याची गरज उरली नाही. तरी सकाळी ऑफिसात आल्यावर, पर्स टेबलावर ठेवायच्या आधी, ओवी ती एक हाक देऊन टाकायची. चिंचेखालून उत्तर यायचं, कधी 'लागला', कधी 'आज जरा उशीर झाला', एकदा नुसतं 'वाट बघत होतो'. त्या दिवशी तिने दिवसभरात एक ओळसुद्धा धड लिहिली नाही.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. ती कामासाठी यायची, बिनकामाचीही यायची. मुक्ताबाई, सत्यमची आई, तिला गरम भाकरीबरोबर वालाचं बिरडं वाढायची आणि लोणावळ्याच्या पोरी एवढंसं खातात म्हणून नवल करायची. धाकटी बहीण सृष्टी तळेगावात कॉलेजला होती. ती दादाकडे आणि ओवीकडे बघून नुसती डोळ्यांतून हसायची. आबा फार बोलायचे नाहीत. पण एकदा पडदा आपोआप वर जाताना बघून म्हणाले होते, "लय भारी काम केलंस पोरी." तेवढ्यावर ओवी आठवडाभर तरंगली.

डिसेंबरात खुडणी झाली. चौदा फेब्रुवारीचा माल याच फुटव्यांवर यायचा होता. वर्षभराची कमाई याच दिवसांवर अवलंबून. सगळं घर दबक्या आवाजात बोलायला लागलं, जसं परीक्षेच्या दिवसांत बोलतात.

जानेवारी उजाडला तेव्हा ओवीचं एकच काम उरलं होतं. निरोप पोचला, पण परतीचं उत्तर हरवलं, तर इकडच्याला वाटतं निरोपच गेला नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. पडद्याला दोनदा 'उघड' म्हटलं तर काही बिघडत नाही, उघडा पडदा उघडाच राहतो. पण ठिबकमधून खत द्यायला दोनदा सांगितलं तर खत दोनदा पडतं. तिथल्या यंत्राने क्रमांक बघून 'हे मी आधीच केलंय' असं ओळखायला हवं होतं. एवढं लिहायचं होतं. तोवर खत हातानेच द्यायचं, असं तिने सत्यमला बजावलं होतं. रविवारी बसून ती ते पुरं करणार होती.

शनिवारी त्याचा फोन आला. "उद्या बेडशाला येतेस? लेण्यांत या दिवसांत कुणी नसतं."

"उद्या मला खताचं पुरं करायचंय."

"परवा कर की..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पुढे महिनाभर मला श्वास घ्यायला वेळ नसेल, ओवी. एक दिवस दे."

तिने दिला.

बेडशाच्या पायऱ्यांवर जानू नावाची एक म्हातारी बोरं विकत बसली होती. तिने ओंजळभर बोरं ओवीच्या ओढणीत घातली आणि सत्यमला विचारलं, बायकोला घेऊन पयल्यांदाच आला का? सत्यमने नाही म्हटलं नाही. ओवीनेही म्हटलं नाही. पुढच्या पायऱ्या दोघंही एकमेकांकडे न बघता चढले. वर लेण्यांतल्या खांबांमध्ये थंड, शेवाळी सावली होती. त्या सावलीत बसून त्यांनी बोरं खाल्ली, बी कुणाची लांब जाते ते पाहिलं, आणि ओवीने हरल्यावर हात पुढे केला तेव्हा सत्यमने टाळी द्यायच्या ऐवजी तो हात धरून ठेवला.

"फेब्रुवारी होऊ दे," तो म्हणाला. "माल गेला की मी आबांना सांगतो. मग लोणावळ्याला येतो."

"लोणावळ्याला कशाला?"

"चिक्की घ्यायला," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की वटवाघळं उडाली.

*

त्याच रविवारी गावात वानरांची टोळी उतरली होती. पॉलिहाऊसच्या छपरावर त्यांनी धुडगूस घातला आणि जाता जाता एकाने अँटेनाला लोंबकळून ती वाकवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. तळेगावचा रेडिओ मोठा, त्याचा आवाज वाकलेल्या अँटेनालाही ऐकू येत होता. पण गावाकडचा लहान, त्याचं उत्तर डोंगरापर्यंत पोचेना.

सोमवारी सकाळी सुहास सरांनी तळेगावच्या काही बागायतदारांना ऑफिसात बोलावलं होतं. पडदे दाखवून झाले, धुकं फवारणारे फॉगर दाखवून झाले. स्क्रीनवर उत्तरं येत नव्हती, पण सर म्हणाले, रेडिओ आहे, थोडं मागेपुढे होणारच. मग एकाने विचारलं, खत देता येतं का?

सुहास सरांनी ओवीकडे पाहिलं. तिने 'अजून नाही' म्हणायला हवं होतं. पण मग सर विचारणार, शुक्रवारी तर तू सोमवारपर्यंत होईल म्हणाली होतीस, रविवारी काय केलंस? ओवीचे कान गरम झाले. एकदाच तर द्यायचंय, तिला वाटलं. रोज न चुकता उत्तर येतं, आज जरा उशिरा येईल एवढंच. एकदा दिल्याने काय होतंय?

"येतं," ती म्हणाली, आणि तिने हाक दिली.

उत्तर आलं नाही. सर पाहुण्यांना चहाला घेऊन गेले, ओवीलाही बोलावलं. तिथे कुणीतरी तिला पगार किती विचारला, कुणीतरी लग्नाचं विचारलं. परत येऊन तिने स्क्रीन पाहिली. प्रोग्रॅम तिनेच शिकवलेलं काम इमानाने करत होता. उत्तर येत नव्हतं, म्हणून तो खताची हाक पुन्हा पुन्हा देत होता.

तिने तो बंद केला आणि फोन उचलला, तेवढ्यात सत्यमचाच आला.

"खताची टाकी रिकामी झालीय," तो म्हणाला. "ओवी, तू काही..."

"मी केलं," ती म्हणाली. "माझ्याकडून झालं, सत्यम."

चिंचेच्या पानांतला वारा तेवढा ऐकू आला. मग तो म्हणाला, "ये."

आबा फुलबाजाराच्या कामासाठी पुण्याला मुक्कामी होते. दोघांनी दिवस मावळेपर्यंत मोठ्या पॉलिहाऊसमधल्या गुलाबाच्या वाफ्यांतून, बेडांतून, साधं पाणी सोडलं, मातीतलं खत धुऊन निघावं म्हणून. ओवीचे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. शेवटी ती म्हणाली, "आबांना मी सांगते."

"नको. मी सांगतो. तू सरांनाही इतक्यात काही बोलू नकोस."

चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. आठवड्याने मोठ्या पॉलिहाऊसमधल्या कळ्या माना टाकायला लागल्या. तिथला एकही गुलाब त्या वर्षी बाहेरगावी गेला नाही.

"आबा काय म्हणाले?" ओवीने फोनवर विचारलं होतं.

"मिटलं ते."

"रागावले?"

"थोडे. तू तुझं पुरं कर. खताचं."

आणि ओवीने सुटकेचा श्वास सोडला होता. कसं मिटलं, काय बोलणं झालं, हे तिने विचारलं नाही. विचारलं तर कदाचित मिटलेलं नसेल, अशी भीती होती. सुहास सरांनाही तिने तेवढंच सांगितलं, थोडं नुकसान झालं पण मिटलंय. क्रमांक ओळखायचं काम तिने दोन दिवसांत लिहून काढलं. इतकं चोख, की त्यात पुढे कुणालाच कधी काही सापडलं नाही.

पण ते गावात बसवायची वेळ आली नाही. सत्यमने कळवलं, यंदा यंत्र बंदच ठेवायचं म्हणतायत आबा. यंत्र बंद आहे हे माहीत असूनही ती सकाळी 'दिवा' द्यायची, पण चिंचेखालून काही येईना. तिने दोनदा फोन केला, तो कामात होता. तिसऱ्यांदा केला नाही. तिला वाटलं, बरोबर आहे त्याचं. वर्षाचं पीक गेलं. माझं तोंड बघवत नसेल. फेब्रुवारी आला, गेला. लोणावळ्याला कुणी आलं नाही.

*

एप्रिलमध्ये तळेगावला झेरॉक्सच्या दुकानात सृष्टी भेटली. आधीसारखी हसली नाही. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग न राहवून म्हणाली, "ताई, तुम्ही दादाला भेटायला पण आला नाहीत. पुढच्या गुरुवारी जाणार तो."

"कुठे?"

"इथिओपियाला. तिकडे गुलाबाच्या मोठ्या कंपन्या आहेत ना, अमृतदादा आहे आपल्या गावचा तिथे. दोन वर्षांचा करार केलाय." तिने हातातले कागद उगाच सारखे केले. "जाऊ दे, बरंच आहे. घरात कोण बोलतंय त्याच्याशी. त्याच्या हातून खत जास्त पडलं ना, तेव्हापासून आबा एक शब्द बोलले नाहीत."

"कुणाच्या हातून?"

"दादाच्या. त्यानेच सांगितलं आबांना. टाकीचा कॉक उघडा ठेवून फिरायला गेलो म्हणाला."

ओवीला दुकानातला आवाज ऐकू येईनासा झाला. सृष्टी काहीतरी विचारत होती. यंत्रातून एकामागून एक पानं बाहेर पडत होती.

दुसऱ्या दिवशी ती गावात गेली. मावळात राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायचे दिवस होते, शेताशेतांतून निळसर धूर उठत होता. आबा पॉलिहाऊसच्या फाटलेल्या कागदाला पट्टी लावत बसले होते. तिला बघून म्हणाले, "काय गं पोरी, लय दिसांनी?"

ओवी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. घरून निघताना तिने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"आबा, खत सत्यमच्या हातून पडलं नाही. माझ्या हातून पडलं. ऑफिसातून."

आबांनी पट्टी हातातून खाली ठेवली.

तिने सगळं सांगितलं. रविवारी बेडशाला गेलो तेही सांगितलं. यंत्रात काय राहिलं होतं, ते सोप्या शब्दांत सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तिला तोडलं नाही. ती थांबली तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते, करपलेले बेड मोडून नवी रोपं लावली होती तिकडे बघत होते.

"पीक काय, यंदा जातं, म्होरल्या साली येतं," ते म्हणाले. "म्या माज्या पोराशी तीन म्हैनं बोललो न्हाई, पोरी. त्यो समोर जेवाया बसायचा अन् म्या ताट घेऊन उठायचो."

ओवीने मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. चपला सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी घराकडे निघाले. दाराशी पोचायच्या आधीच त्यांनी हाक मारली, "सत्यम... ए सत्या."

*

सत्यम तिला संध्याकाळी विहिरीवर भेटला. त्याचे डोळे लाल होते आणि चेहरा मात्र मोकळा, आंघोळ करून आल्यासारखा.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. पण त्या बोलण्यात राग नव्हता.

"तू कशाला नाही सांगितलंस?"

तो विहिरीच्या कठड्यावर बसला. मग म्हणाला, "त्या रविवारी तुला मीच बोलावलं होतं. तू नाही म्हणत होतीस. आणि आबांनी तुला भारी काम केलंस म्हटलं होतं... ते तसंच राहावं वाटलं. घरात यायचं होतं ना तुला."

ओवीही बसली, मध्ये हातभर अंतर ठेवून.

"मला वाटलं तू माझ्यावर चिडलायस."

"मला वाटलं तू विचारशील, कसं मिटलं म्हणून," सत्यम म्हणाला. "एकदा विचारलं असतंस तर सांगून टाकलं असतं. रोज वाटायचं, आज विचारेल. मग तुझे फोन यायचे थांबले. मग वाटलं, हिला नकोच असेल कळायला."

ते खरं होतं. तिला नकोच होतं कळायला. एवढंच तिला इतक्या दिवसांत स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नव्हतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ओवी म्हणाली. "आता सांगून उपयोग नसेल. पण आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बेडशाच्या सावलीत पाहिलं होतं तसंच. मग दोघांच्या मधलं ते हातभर अंतर त्याने हात पुढे करून मिटवलं.

"माझंही," तो म्हणाला. "पण एक खरं सांगू? करार केला तेव्हा मी घरातून पळून जात होतो. आता पळायचं काही कारण उरलं नाही... आणि तरी जावंसं वाटतंय. तीन महिने मनाने तिकडेच राहिलोय मी. वाईट आहे ना?"

"नाही."

"तू थांब म्हणालीस तर थांबेन, ओवी. खरंच थांबेन. फक्त कधीतरी, पाच-दहा वर्षांनी, तुझ्यावर चिडलो तर..."

राबाचा धूर विहिरीवरून हळूहळू सरकत होता. घरात आबा मोठमोठ्याने बोलत होते, उगाच, कशावरही, आणि मुक्ताबाई हसत होती. ओवीने ते ऐकलं. या घराचं माझ्यामुळे पुष्कळ गेलंय, तिला वाटलं. आता त्याच्याकडून आणखी काय मागायचं? कुठल्या तोंडाने?

"जा," ती म्हणाली. "जाऊन ये."

त्याने तिचा हात जरा घट्ट धरला, मग सोडला. गुरुवारी तो गेला.

*

नंतर आबांनीच सुहास सरांना फोन करून यंत्र पुन्हा बसवून घेतलं. सरांना ओवीने तोवर सगळं सांगितलं होतं. ते स्वतः येऊन आबांची माफी मागून गेले. महिन्यातून एका रविवारी ओवी रेडिओ बघायला गावात यायची. बघण्यासारखं फारसं नसायचं. पुढे त्या पट्ट्यातल्या पुष्कळ पॉलिहाऊसांना तिने लिहिलेला तो थर लागला आणि खत एकदा सांगितलं की एकदाच पडायचं. आबा तिला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

सत्यमचे मेसेज पहिल्या पावसाळ्यात रोज आले. दिवाळीपर्यंत आठवड्याने यायला लागले. त्यात भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. तिकडे डोंगरउतारावर मैलभर गुलाब आहेत, थंडी आपल्यासारखीच आहे, पोळीसारखं काहीतरी आंबट मिळतं, असं तो लिहायचा. तीही लिहायची. मग हळूहळू लिहिण्यासारखं दोघांनाही कमी सुचायला लागलं. लोणावळ्यात आई इंदिरा स्थळांचं बोलायची आणि ओवी नको म्हणायची, कारण न सांगता.

दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत एका रविवारी ती गावात होती तेव्हा त्याचा फोन आला, नेहमीसारखा, आबांना. आबा चिंचेखाली उभे राहून पुष्कळ वेळ ऐकत होते. मग त्यांनी मागे वळून ओवीला बोलावलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"थितंच ऱ्हातो म्हनतोय. आनखी तीन वर्सं. मुख्य केलंय म्हनं त्येला," ते म्हणाले. "तू बोल." आणि ते मुद्दाम लांब, पॉलिहाऊसच्या पलीकडे निघून गेले.

ओवीने फोन कानाला लावला.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"आबा नाराज झाले."

"होणारच."

तिकडे कुणीतरी परक्या भाषेत काही विचारलं, सत्यमने त्याच भाषेत उत्तर दिलं. किती सहज बोलतोय, ओवीच्या मनात आलं. विहिरीवर न मागितलेलं या वेळी तिने मागून टाकलं.

"सत्यम, परत ये," ती म्हणाली. "आबांसाठी म्हणत नाही. माझ्यासाठी म्हणतेय. परत ये."

फोन लागलेला आहे ना, म्हणून तिने एकदा स्क्रीनकडे पाहिलं. लागलेला होता.

"हे विहिरीवर म्हणाली असतीस," शेवटी तो म्हणाला, अगदी हळू, "तर मी थांबलो असतो."

"माहीत आहे. मग कधीतरी चिडला असतास."

"मीही तेव्हा तसंच म्हणालो होतो." तो थांबला. "इथे आल्यावर खूपदा विचार केला त्यावर. नसतो चिडलो, ओवी."

तिने चिंचेच्या खोडाला हात टेकला. खोड उन्हाने कोमट झालं होतं.

"आता सही करून बसलोय," तो म्हणाला. "इथे पन्नास जण माझ्या हाताखाली आहेत. आणि खरं सांगायचं तर... आता इथलाच झालोय मी जरासा."

"बरं," ती म्हणाली.

"रडू नकोस."

"नाही रडत."

फोन कुणीच ठेवला नाही. मग सत्यमने घसा साफ केला आणि विचारलं, "कळ्या कशा आहेत यंदा?"

"छान आहेत."

"नीट सांग ना."

तेव्हा ओवीने डोळे पुसले, फोन दुसऱ्या कानाला घेतला, आणि चिंचेखालून उघड्या पडद्यांतून जेवढं दिसत होतं तेवढं, आणि उरलेलं सकाळी बेडांतून फिरताना पाहिलेलं आठवून, त्याला सांगायला लागली. दाराजवळच्या पहिल्या बेडापासून, एकेक ओळ. कुठल्या झाडाला किती फुटवे आहेत, कुठली कळी अजून हिरवी आहे, कुठलीला जाळीची टोपी घातलीय, कुठलीला घालायची राहिलीय. तो मध्ये मध्ये 'हं' म्हणत होता. एक बेड संपला की ती पुढचा घेत होती, हळूहळू, एकही झाड न सोडता.